उलटा गड : हेन्री को स्टेट पार्कमधला पहिला मुक्काम

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. दीड वर्षापूर्वी तुम्ही पुण्याहून सॅन होजेला आलात. जूनच्या शेवटच्या शनिवारसाठी हेन्री को स्टेट पार्कच्या हेडक्वार्टर्स कॅम्पग्राउंडमध्ये एक जागा मिळाली आहे. बरोबर पत्नी, नऊ वर्षांची मुलगी आणि नाशिकहून आलेले सहासष्ट वर्षांचे बाबा. शनिवारी दुपारी पोचायचं, रात्री तंबूत झोपायचं, रविवारी नाश्ता करून चायना होल या दरीतल्या डोहापर्यंत जाऊन यायचं. जाऊन-येऊन सुमारे १० मैल. राजगड, हरिश्चंद्रगड तुमचे बरेचदा झालेत आणि बाबाही रोज चालणारे आहेत. तेव्हा तंबू कोणता घ्यावा, बूट कोणते, आणि माणशी दोन लिटर पाणी पुरेल का, एवढंच तुम्ही विचारलंय.

तंबू आणि बूट हा या बेतातला सगळ्यात सोपा भाग आहे, त्याकडे शेवटी येतो. पाणी दोन लिटर अजिबात पुरणार नाही. पण खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. जूनच्या अखेरीस, नाश्ता उरकून, मुलगी आणि वडील यांना घेऊन चायना होल करायचं, हा बेतच बदला. मिळालेली जागा सोडू नका, मुक्काम जरूर करा. फक्त रविवारची चाल दुसरी धरा. मी गेली एकोणीस वर्षं इथल्या मराठी कुटुंबांना घेऊन या डोंगरांत जातोय, या हेन्री कोमध्येच साठेक वेळा गेलो असेन. त्या अनुभवावरून कारणं सांगतो. पटली तर घ्या.

आपण राजगडला जातो तेव्हा पहाटे गुंजवण्यातून निघतो. चढ लागतो तेव्हा पाय ताजे असतात, ऊन कोवळं असतं. दमल्यावर वाट्याला येतो तो उतार. कुणाला अर्ध्यातच नको वाटलं तर मागे फिरायचं, खाली गाव असतंच. म्हणजे गडाची रचनाच अशी की थकलेल्या माणसाला घरची वाट सोपी पडते. कोमध्ये हे सगळं उलटं आहे. हेडक्वार्टर्स वर धारेवर आहे, सुमारे २,६०० फुटांवर, आणि गाडी थेट तिथवर जाते. चायना होल हा खाली दरीत, कोयोटी क्रीक या ओढ्यावरचा डोह. जवळजवळ दीड हजार फूट उतरून तिथे पोचायचं. सकाळी सगळे हसत-खेळत उतरतात, मुलं तर पळतच जातात, आणि 'काहीच नाही की हो हे' असं कुणीतरी म्हणतंच. मग दुपारी एक वाजता तेवढाच दीड हजार फूट चढ समोर असतो. तोही दमलेल्या पायांनी, डोक्यावर ऊन घेऊन आणि बाटलीत तळाला गेलेलं पाणी घेऊन.

२०११ च्या मे महिन्यात मी स्वतः ही चूक केली. चौदा जण होतो, निघायलाच साडेनऊ वाजले. डोहावर पोरं रमली आणि चढायला सुरुवात करेपर्यंत सव्वा झाला. अर्ध्या वाटेवर आमच्यातल्या एकाच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. बेचाळीस वर्षांचा, हाफ मॅरेथॉन धावणारा माणूस. उभं राहिलं की पाय आखडायचा, बसलं की मांडीत गोळा यायचा. माझ्या सॅकला लावलेला छोटा तापमापक सावलीत ९८ दाखवत होता, म्हणजे आपले सदतीस अंश. सगळ्यांचं पाणी मिळून एक बाटली उरली होती, ती मुलांसाठी ठेवली. एका ओकच्या झाडाखाली आम्ही साडेपाचपर्यंत बसून राहिलो. दोघं जण वर जाऊन हेडक्वार्टर्सच्या नळाचं सहा लिटर पाणी घेऊन परत खाली आले. त्यात मीठ-साखर कालवून त्याला घोट घोट पाजलं आणि संध्याकाळी साडेसातला सगळे वर पोचलो. सुखरूप पोचलो, पण त्या चार तासांत मुलांचे ओठ कसे पांढरे पडले होते ते मी विसरलेलो नाही. त्यानंतर मे ते सप्टेंबर कुणालाही घेऊन मी त्या दरीत उतरलेलो नाही.

दुसरी गोष्ट आपल्या इतकी सवयीची आहे की ती वेगळी अशी लक्षातच येत नाही. सह्याद्रीतला ट्रेक माणसांच्या आधारावर उभा असतो. पाचनईत कुणाच्या तरी अंगणात पिठलं-भाकरी मिळते, वाटेवर लिंबू सरबत घेऊन मावशी बसलेल्या असतात, वर टाकं असतं, वाट चुकली तर गुराखी हाक मारून सांगतो. आपण 'स्वतःच्या बळावर' फिरतो असं वाटतं, पण मागे एक अख्खं गाव असतं. कोमध्ये ते नाही. ही पूर्वी को कुटुंबाची गुरं पाळायची जागा होती. १९५३ साली सेडा को यांनी वडील हेन्री को यांच्या स्मरणार्थ ती सांता क्लारा काउंटीला देऊन टाकली, आणि १९५८ मध्ये ती राज्याकडे आली. पुढे भोवतालच्या जमिनी जोडत जोडत पार्क ८७,००० एकरांचं झालं. आपल्या मापात सांगायचं तर ३५० चौरस किलोमीटर, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या तिपटीहून मोठं. वाटा अडीचशे मैलांच्या वर. आणि आत वस्ती नाही, टपरी नाही, बऱ्याच ठिकाणी फोनला रेंजही नाही. जूनमधल्या रविवारी दुपारी चायना होलच्या वाटेवर तुम्हाला एकही माणूस भेटणार नाही, असंही होऊ शकतं. मदत मागवायची तर कुणीतरी आधी धारेवर चढून जायला हवं.

तिसरी गोष्ट ऋतूची. जून म्हटलं की आपल्या मनात मृग येतो, हवा गार होते, ओढे जागे होतात. कॅलिफोर्नियात पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. जूनच्या शेवटी इथला उन्हाळा नुसता सुरू झालेला असतो आणि पुढचे तीन-चार महिने थेंब पडणार नसतो. कोयोटी क्रीक तोवर वाहायची थांबत आलेली असते, जागोजागी डबकी उरतात. म्हणजे ज्या डोहात डुंबण्यासाठी एवढं उतरायचं, तो त्या दिवसांत साचलेल्या पाण्याचा असतो. शिवाय सॅन फ्रान्सिस्कोच्या धुक्याचा अनुभव घेऊन इथे येऊ नका. ते धुकं या आतल्या डोंगरांपर्यंत पोचत नाही. त्याच दिवशी समुद्राकाठी लोक स्वेटर घालून हिंडत असतात आणि कोच्या दरीत शंभरी गाठलेली असते.

आता जे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे ते. बाबा रोज गोदाकाठी पाच किलोमीटर चालतात, असं तुम्ही लिहिलंत. ती सपाटीवरची चाल. मला जाणून घ्यायला आवडेल की जिना उतरताना ते कठड्याला धरतात का. धरत असतील तर गुडघे उताराला तक्रार करणार. रक्तदाबासाठी त्यांना लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल, तर उन्हात चालण्याबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. अशा गोळीवर असलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी आणि मीठ उन्हात लवकर कमी होतं आणि त्याला ते कळतही नाही. मुलीचं म्हणाल तर नऊ वर्षांची मुलं चालतात छान, पण 'दमले' हे फार उशिरा सांगतात. बडबड थांबली की समजायचं.

हवामानही बघायचं, पण डोंगराखालच्या मॉर्गन हिल गावाचं नाही. राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर नकाशावर नेमक्या जागी टिचकी मारून त्या ठिकाणचा अंदाज मिळतो. हेडक्वार्टर्सवर एकदा टिचकी मारा, मग खालच्या दरीवर. अंदाज ८० फॅरनहाइटच्या आत असेल तर पुढे सांगतोय ती चाल थोडी लांबवता येईल. ९५ च्या वर असेल तर ती सकाळी आठच्या आत संपवा. वाऱ्यामुळे वणव्याचा इशारा, म्हणजे 'रेड फ्लॅग वॉर्निंग' लागला असेल, तर जाणंच पुढे ढकला.

मी तुमच्या जागी असतो तर शनिवारी दुपारी बाराला पोचलोच नसतो. कॅम्पची जागा दोनच्या आधी ताब्यात मिळत नाही, आणि ते कॅम्पग्राउंड उघड्या धारेवर आहे. देखावा सुंदर, पण सावली कमी. मॉर्गन हिलमध्ये पेट्रोल भरून घ्या, पुढे काही मिळत नाही. ईस्ट डन ॲव्हेन्यूने अँडरसन तलावाचा पूल ओलांडला की अरुंद, वळणावळणाचा घाट सुरू होतो. गावापासून वरपर्यंत तेरा-चौदा मैल, पण चाळीस मिनिटं धरा. मुलीला गाडी लागत असेल तर आलेपाकाची वडी जवळ ठेवा. चारच्या सुमाराला पोचा, तंबू लावा, चहा करा, बाबांना खुर्ची मांडून द्या.

साडेसहाला सगळे मिळून मॉन्युमेंट ट्रेलने निघा. चढ आहे, पण थोडाच. बाबांच्या चालीने, थांबत थांबत जायचं. वर पाँडेरोसा पाइनची उंच झाडं आहेत, या भागातल्या डोंगरांत ती सहसा दिसत नाहीत. को यांचं स्मारकही तिथेच आहे. सूर्य साडेआठला मावळतो, त्यामुळे घाई नाही. परतताना मात्र हातात विजेरी असू द्या.

रविवारी पावणेसहाला, उजाडता उजाडता, तुम्ही आणि मुलगी फ्रॉग लेककडे निघा. जाताना फ्लॅट फ्रॉग ट्रेल घ्या, नावाप्रमाणेच ती बेताच्या चढउताराची वाट आहे. येताना हॉब्स रोडने आलात तर अंतर कमी, पण एक सडकून चढ लागतो. सगळी फेरी साडेचार मैलांच्या आसपास. तळं छोटंच आहे, पण सकाळी त्याच्या काठी बसून दशम्या खायला मजा येते. मुलीला वाटेतली मोठी ओकची झाडं नीट बघायला सांगा. एखाद्या वठलेल्या खोडावर शेकडो भोकं दिसतील आणि प्रत्येक भोकात एकेक ओकफळ ठोकून बसवलेलं. एकोर्न वुडपेकर नावाच्या सुतारपक्ष्यांचं ते कोठार असतं. अख्खं कुटुंब मिळून भरतं, अख्खं कुटुंब राखतं. फळ सुकून सैल झालं की काढून लहान भोकात हलवतात. माझ्या मुलीने एकदा एका खोडासमोर बसून दोनशेपर्यंत मोजलं होतं आणि मग कंटाळून नाही, भूक लागली म्हणून उठली.

त्याच वेळी बाबा आणि तुमच्या पत्नी हेडक्वार्टर्सजवळून निघणाऱ्या कॉरल ट्रेलने अर्धा-पाऊण मैल जाऊन येऊ शकतात. सावलीची वाट आहे, चढ फारसा नाही. बाबांना उत्साह असेल तर पुढे फॉरेस्ट ट्रेलवर थोडं जाता येईल. साडेनऊपर्यंत सगळे कॅम्पवर परत, मग पोटभर खाणं, व्हिजिटर सेंटर आणि जुन्या रँचचं छोटं संग्रहालय, आणि बाराच्या आत जागा रिकामी. हेही तुमच्या मूळ बेतातून सुटलं होतं : कॅम्प बाराला सोडावा लागतो. नाश्ता करून चायना होलला गेला असता तर तंबू मागे उभा आणि तुम्ही दरीत.

पाण्याचं गणित असं. गार हवेत चालताना मोठ्या माणसाला तासाला अर्धा लिटर, उन्हात चढताना एक लिटर. तुमच्या मूळ बेताला सहा-सात तास लागले असते, त्यातले तीन कडक उन्हात. म्हणजे मोठ्या माणसाला साडेचार-पाच लिटर, मुलीला तीन. चौघांचं मिळून सतरा-अठरा लिटर, म्हणजे तेवढेच किलो. बाबांच्या आणि मुलीच्या पाठीवर फार तर दोन-दोन किलो देता येतील. उरलेलं तुम्ही दोघं घेऊन उतरणार होतात का? हा हिशेब कागदावर केला की बेत आपोआप बदलतो. फ्रॉग लेकच्या सकाळच्या फेरीला तुम्हाला अडीच लिटर, मुलीला दीड लिटर पुरेल. माझा नियम असा की परत आल्यावर प्रत्येकाच्या बाटलीत अर्धा लिटर उरलंच पाहिजे. ते उरलेलं पाणी वाया गेलं नाही, ते पाय मुरगळला असता तर त्या वेळेसाठी होतं. कॅम्पग्राउंडवर पिण्याच्या पाण्याचा नळ आहे. तरी गाडीत वीस लिटरचा एक कॅन भरून ठेवा.

नुसतं पाणीही कामाचं नाही. घामावाटे मीठ जातं आणि वरून साधं पाणीच पीत राहिलं तर डोकं दुखतं, मळमळतं. लिंबू-मीठ-साखर घातलेली एक बाटली, खारे शेंगदाणे, चिवडा, दशमीबरोबर लोणच्याची फोड. आपल्या शिदोरीत हे सगळं आधीपासून आहेच.

परवान्यांचा घोळ बरेच जण करतात, म्हणून स्पष्ट करतो. हेडक्वार्टर्सच्या कॅम्पचं आरक्षण म्हणजे पार्कमध्ये कुठेही तंबू लावायची परवानगी नव्हे. आत दूरवर, पाठीवर सामान नेऊन राहायचं असेल तर त्याचा वेगळा परवाना पार्कच्या कचेरीतून घ्यावा लागतो. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास तुमच्याकडे असेल, तर तो स्टेट पार्कला चालत नाही, ही दोन वेगळी खाती आहेत. एका जागेवर जास्तीत जास्त आठ माणसं, तेव्हा 'मित्रही येतायत' असं आयत्या वेळी करू नका. आणि रात्री दहानंतर शांतता पाळायची असते. तंबूच्या भिंती कापडाच्या असतात, दहानंतरच्या अंताक्षरीचा शब्दन् शब्द शेजारच्यांना ऐकू जातो.

पॉइझन ओकबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण नवीन माणसाची सुट्टी सगळ्यात जास्त हेच झुडूप बिघडवतं. तीन-तीन पानांचा झुबका, मधलं पान जरा लांब देठाचं. वसंतात पानं तकतकीत हिरवी, जूनपासून सुंदर लाल व्हायला लागतात. लहान मुलं नेमकी तीच लाल पानं तोडून आणतात. त्याच्या तेलाने अंगावर पुरळ उठतं, फोड येतात, दोन-तीन आठवडे खाज जात नाही. आपल्याकडे बिब्बा उततो ना, अगदी तसंच. आणि हे काही नुसतं साम्य नाही. बिब्बा, काजू, आंबा आणि पॉइझन ओक ही सगळी एकाच कुळातली झाडं आहेत. घरात कुणाला आंब्याच्या चिकाने तोंडाभोवती पुरळ येत असेल तर त्याने इथे जास्तच जपावं. हात लागलाच तर लगेच साबण आणि गार पाण्याने चोळून धुवा. ते तेल कपड्यांवर, बुटांच्या नाड्यांवरही राहतं, म्हणून घरी आल्यावर कपडे वेगळे धुवा. मुलीला निघण्याआधी एकदा झुडूप दाखवा. एकदा ओळखलं की पुढे तीच तुम्हाला दाखवत चालेल.

गोचीड हा दुसरा त्रास. गवताच्या टोकाला बसून वाट पाहते आणि जाणाऱ्याच्या कपड्याला चिकटते. काही गोचिड्यांमधून लाइम नावाचा आजार पसरतो. संध्याकाळी काखा, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत हात फिरवून बघा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा, तेल किंवा काडी लावत बसू नका. जूनमध्ये गवत वाळलेलं असतं आणि त्याची कुसळं मोज्यांत घुसून टोचत राहतात, तेव्हा गुळगुळीत कापडाची पूर्ण पँट घाला.

साप आहेत. विषारी म्हणावा असा इथे एकच, रॅटलस्नेक. आपलं फुरसं अंगावरचे खवले घासून आवाज करतं, हा शेपटीचा खुळखुळा वाजवतो. पण दरवेळी वाजवेलच असं नाही. उन्हाळ्यात तो संध्याकाळी आणि रात्री फिरतो, म्हणून रात्री संडासला जाताना चप्पल नको, बूट आणि विजेरी हवी. बाबांना हे दोनदा सांगा. चावलाच तर चिरा पाडू नका, आवळून बांधू नका, माणसाला न चालवता गाडीपर्यंत आणा आणि इस्पितळ गाठा. माउंटन लायन, म्हणजे मांजरकुळातला मोठा शिकारी प्राणी, तोही या डोंगरांत आहे. मी एकोणीस वर्षांत एकदाच लांबून पाहिला. मुलीला मात्र पुढे एकटी पळू देऊ नका.

स्वयंपाक गॅसच्या शेगडीवरच करा. शेकोटीचा मोह सोडून द्या, उन्हाळ्यात बहुधा बंदीच असते. ही बंदी का असते ते कोच्या जमिनीला चांगलं माहीत आहे. २००७ च्या सप्टेंबरमध्ये पार्काशेजारच्या एका खाजगी जागेत पिंपात कचरा जाळताना उडालेल्या ठिणगीने ४७,००० एकरांहून जास्त रान जळालं, त्यातलं बरंचसं पार्कातलं होतं. २०२० च्या ऑगस्टमध्ये कोरड्या विजा पडून या डोंगररांगेत जवळजवळ चार लाख एकरांवर वणवा पसरला, त्याची झळही पार्काला लागली. वाळलेल्या गवतावर गरम कुकर ठेवण्याआधी मी अजूनही खालची जमीन पाहतो. मुगाची खिचडी, घरून भाजून आणलेली थालीपीठं, दही, बस. खरकटं आणि खाण्याचे डबे रात्री गाडीत बंद करा, रॅकून चेन उघडून पिशवीत शिरतात. दुपारी उष्ट्या ताटांवर गांधीलमाश्या येतात, ताटं लगेच उचला.

राहिला तंबू. चौघांसाठी 'सहा माणसांचा' म्हणून विकतात तो घ्या. त्यांचं माप खांद्याला खांदा लावून मोजलेलं असतं. पहिल्या वेळी विकत घेऊच नका, कुणाकडून तरी उसना आणा आणि शुक्रवारी संध्याकाळी घरामागे एकदा उभा करून बघा. धारेवर वारा असतो, खुंट्या सगळ्या ठोका. बाबांना जमिनीवरून उठायला त्रास होत असेल तर घडीची खाट मिळते, ती आणा आणि तंबूत दाराजवळ लावा. दिवसा कितीही तापलं तरी वर रात्री हवा उतरते, प्रत्येकाला एक स्वेटर. बुटांसाठी नवीन खर्च नको. तुम्ही राजगडला वापरलेले, पायाला बसलेले बूट नव्या कोऱ्या महागड्या बुटांपेक्षा चांगले.

बाबांना मोठी झाडं दाखवायची इच्छा असेल, तर त्यांच्या मुक्कामात एक दिवस वेगळा काढून हेन्री काउवेल रेडवुड्स स्टेट पार्कला जा. रेडवुडच्या राईतली फेरी पाऊण मैलाची, सपाट आणि गार सावलीची आहे, आणि सगळ्यात उंच झाड २७० फुटांहून उंच. फक्त तिथे एक लक्षात ठेवा : त्या पार्कचं कॅम्पग्राउंड आणि रेडवुडची राई यांची प्रवेशद्वारं वेगवेगळ्या रस्त्यांवर आहेत. राई हायवे ९ वर फेल्टनजवळ आहे, कॅम्पग्राउंड ग्रॅहॅम हिल रोडवर. बरेच जण चुकीच्या दारात जाऊन उभे राहतात.

आणि चायना होल तुमच्या हातचं गेलेलं नाही. ते एप्रिलमध्ये करा. ओढा वाहता असतो, उतारावर रानफुलं असतात, हवा साठ-सत्तरमध्ये. तेव्हाही सकाळी सातला निघा, डोहावर साडेदहाच्या पुढे थांबू नका आणि चढ संपेपर्यंत जेवण हलकंच ठेवा. मुलगी तोवर दहाची होईल आणि दोन-तीन छोट्या चाली करून तयारही. आरक्षण सहा महिने आधी, सकाळी आठला उघडतं, आणि एप्रिलमधले शनिवार भराभर जातात. तेव्हा ऑक्टोबरमध्येच तारीख ठरवून पावणेआठला संगणकासमोर बसा. नाही मिळालं तर अधूनमधून बघत राहा, लोक रद्द करतात तशा जागा परत दिसायला लागतात.

जाण्याआधी एका शेजाऱ्याला किंवा मित्राला कागदावर लिहून द्या : कोणत्या वाटेने जाणार, किती वाजता गाडीपाशी परत येणार, आणि त्यानंतर किती तास वाट पाहून त्याने ९११ ला फोन करायचा. मी आजही एकटा गेलो तरी असा कागद बायकोकडे देऊन निघतो.